आधी जॉइंट, मग शाफ्ट : विदर्भाच्या हवेत क्यू सांभाळायची रीत

“भाऊ, स्टिक वाकडी झाली जी.” उन्हाळा लागला की आठवड्यातून एखादा पोट्टा तरी हे म्हणत माझ्या पूल-स्नूकरच्या हॉलमध्ये येतो. हातात दोन तुकड्यांचा क्यू, म्हणजे बॉल मारायची लाकडी काठी, आणि शाफ्टवर, म्हणजे तिच्या पुढच्या बारीक तुकड्यावर, सँडपेपरचे ताजे ओरखडे. वाकडेपणा जाईल म्हणून त्यानं तो घरीच घासून आणलेला असतो. मी जॉइंट, म्हणजे दोन तुकड्यांचा जोड, उघडतो, मोबाइलचा टॉर्च मारतो. कॉलरच्या (जोडाच्या टोकावरच्या कड्याच्या) तोंडावर क्यूच्या टोकाला घासायच्या निळ्या चॉकची कडी जमलेली आणि पिनच्या (जोडायच्या स्क्रूच्या) आट्यांत कापसाचा तंतू गुंडाळलेला दिसतो. कोरड्या ब्रशनं ते काढून क्यू पुन्हा जोडला की बहुतेक वेळा तो सरळ निघतो. घासून गेलेलं लाकूड मात्र परत येत नाही.

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या बाजारगावात मी तीन टेबलं चालवतो, दोन पूलची आणि एक स्नूकरचं. क्यूची नीट दुरुस्ती करणारा हवा असेल तर आम्हाला नागपूर गाठावं लागतं. म्हणून जे काम घरी होऊ शकतं ते घरीच नीट झालं पाहिजे, आणि जे होऊ शकत नाही त्याला हात लावायचा नाही. चुका होतात त्या मुख्यतः क्रम उलटा धरल्यामुळे. लोक शाफ्टपासून सुरुवात करतात. सुरुवात जॉइंटपासून करायची.

## तयारी : आपला जॉइंट ओळखा

हॉलच्या भिंतीवर टांगलेले अखंड क्यू असतात त्यांना जॉइंट नसतो. तुमचा तसा असेल तर थेट टप्पा ४ वर जा. दोन तुकड्यांच्या क्यूत आपल्याकडे साधारण चार प्रकार दिसतात.

पूलच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या क्यूत बटातून, म्हणजे मागच्या जाड तुकड्यातून, स्टीलची पिन बाहेर आलेली असते आणि शाफ्टमध्ये पितळी आट्यांची नळी बसवलेली असते. काही चांगल्या क्यूत ही नळी नसते. जाड पिन सरळ शाफ्टच्या लाकडात कापलेल्या आट्यांत जाते. तिसरा प्रकार एक-दोन फेऱ्यांतच बसणाऱ्या झटपट जॉइंटचा. चौथा स्नूकरचा, त्यात जॉइंट मधोमध नसून पाऊण लांबीवर असतो आणि दोन्हीकडे पितळ असतं.

प्रकार ओळखायचा कारण साफसफाईची पद्धत त्यावर ठरते. पितळी आट्यांत थोडं द्रव चालतं, लाकडी आट्यांत एक थेंबही चालत नाही.

सावध : मित्राचा शाफ्ट आपल्या बटावर लावून बघू नका. ५/१६ इंची पिन बाजारात दोन प्रकारची आहे, एकीला इंचात १४ आटे आणि दुसरीला १८. जाडी सारखीच असते, त्यामुळे सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं. दोन फेऱ्यांनंतर अडलं म्हणून जोर लावला की पितळी नळीचे आटे गेलेच समजा.

सामान फार लागत नाही. दोन-तीन मऊ सुती फडकी, न वापरलेला टूथब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, सुती बुटाची जुनी नाडी, पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल (तो त्याला आयपीए म्हणतो), स्वच्छ चामड्याचा हातभर तुकडा आणि लाकडाला लावायचं कारनौबा (ताडाच्या जातीच्या झाडाचं) किंवा मधमाश्यांचं मेण.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, डिझेल यांतलं काहीही जवळ ठेवू नका. ट्रॅक्टरच्या आट्यांना जे चालतं ते इथे चालत नाही. थिनर बटाची पॉलिश विरघळवतो आणि कॉलरखालच्या चिकटवणीलाही मऊ करू शकतो.

## टप्पा १ : क्यूला खोलीच्या हवेवर येऊ द्या

हा टप्पा सगळे गाळतात. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते, तेव्हा उघड्या लाकडात ३-४ टक्केच ओलावा उरतो. श्रावणात आर्द्रता ८५ टक्क्यांवर टिकली की तेच लाकूड १७-१८ टक्क्यांकडे जाऊ बघतं. हा ओलावा लाकडाला आडव्या अंगानं फुगवतो, लांबीत जवळजवळ नाही. आणि आडव्या अंगानंही सगळीकडे सारखा फुगवत नाही, म्हणून गोल शाफ्ट किंचित अंडाकृती होतो. पितळ आणि स्टील ओलाव्यानं फुगत नाहीत. लाकूड आणि धातू जिथे भेटतात त्या जॉइंटवर सगळा ताण येतो तो यामुळे.

बाहेरून आल्यावर क्यू पिशवीतच, सावलीच्या खोलीत अर्धा-पाऊण तास ठेवा. मग पिशवी उघडा आणि आणखी थोडा वेळ थांबा. एसी हॉलमधून आमच्या चाळीसच्या वरच्या दुपारी बाहेर पडताना आणि पावसातून आत येताना तर हे हवंच. तापलेल्या किंवा दमट क्यूची तपासणी केली तर निकाल चुकीचा येतो.

## टप्पा २ : जॉइंट साफ करा

क्यूचा चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. त्यात सिलिकाची आणि घासणाऱ्या कठीण कणांची पूड असते, म्हणून तर टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरची चामडी गादी, बॉलला पकडते. हीच पूड जॉइंटमध्ये गेली की प्रत्येक फेरीला आटे घासते. त्यात आपला भाग कापसाचा. जिनिंग सुरू असताना हवेत तंतू तरंगत असतात आणि ते पिनवर बरोबर गुंडाळले जातात.

(१) दोन्ही तुकडे वेगळे करून शाफ्टचं तोंड खाली धरा आणि तळहातावर हलकेच आपटा. आतली पूड पडू द्या. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा थेट लाकडाच्या उघड्या टोकात जातो.

(२) पिनवर कोरडा टूथब्रश आट्यांच्या दिशेनं गोल फिरवा. मग बुटाची नाडी पिनला एक वेढा देऊन आट्यांतून पुढे-मागे ओढत न्या. नाडी काळी-निळी होऊन निघते. दुसऱ्या वेळी ती स्वच्छ निघाली की पिन झाली.

(३) शाफ्टच्या आतले आटे पितळी असतील तर कापसाची काडी आयपीएत बुडवून, पिळून, मग फिरवा. लाकडी असतील तर कोरडी काडी.

(४) दोन्ही तोंडं, म्हणजे जी एकमेकांना टेकतात ती सपाट वर्तुळं, कोरड्या फडक्यानं पुसा. चिकटलेली कडी नखानं काढा. ब्लेड किंवा पेचकस लावू नका. तोंडावर पडलेली एक रेघही क्यूला कायमचा तिरका बसवू शकते.

(५) मेणबत्तीचा तुकडा पिनच्या टोकाकडच्या तीन-चार आट्यांवर एकदाच ओढा. जोडा, सोडा, वर आलेलं जादा मेण पुसून टाका. लाकडी आट्यांच्या क्यूला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. तोंडाला मेण लावायचं नाही.

सावध : तेल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे जॉइंटला लावू नका. शाफ्टचं उघडं टोक म्हणजे हजारो बारीक नळ्यांची मोळी असते. ते तेल शोषून घेतं, लाकूड मऊ पडतं, पितळी नळीची चिकटवण सुटते. तेलावर चॉक बसतो तो वेगळाच, आणि मग आट्यांत घासायचं मलम तयार होतं.

## टप्पा ३ : जोडायचं आणि सोडायचं कसं

रोज दहा वेळा करतो म्हणून याकडे कोणी बघत नाही. जॉइंट सर्वात जास्त इथेच खराब होतो.

बट डाव्या हातात जॉइंटच्या जवळ धरा. शाफ्टही जॉइंटच्या जवळच धरा. लांब टोकाला धरून पिरगाळलं तर तो पीळ मधल्या सगळ्या चिकटवणींतून जातो. दोन्ही तुकडे एका रेषेत आणा आणि आधी उलट फिरवा, सोडताना फिरवतो तसं. अर्ध्या-पाऊण फेरीत बोटांना एक बारीक ‘टक्’ जाणवेल. आटा आट्यावर बसल्याची ती खूण. आता सरळ फिरवा. पहिली फेरी दोन बोटांनी व्हायला हवी. अडलं तर परत उलट फिरवून पहिल्यापासून.

तोंडाला तोंड टेकलं की किंचितसा एक पीळ देऊन थांबा. पाण्याच्या बाटलीचं झाकण हातानं लावतो तेवढाच जोर. “घट्ट असली की मार जोरात बसतो,” असं पोरं म्हणतात. तसं काही होत नाही. जास्त आवळल्यानं कॉलरला केसासारखी भेग जाते, आणि ती भेग पहिल्या पावसाळ्यात उघडते.

सोडताना बट मांडीवर आडवा टेकवून शाफ्ट हवेत लोंबू देऊ नका. शेवटच्या दोन आट्यांवर सगळं वजन येतं. दोन्ही हात जॉइंटपाशी, क्यू उभा, आणि शेवटचा आटा सुटेपर्यंत शाफ्ट सरळ रेषेत.

जॉइंट अडकून बसला तर पक्कड किंवा पाइप पान्हा लावू नका. क्यू सावलीत दोन-तीन तास पडू द्या. मग सायकलच्या ट्यूबचे दोन स्वच्छ तुकडे जॉइंटच्या दोन्ही बाजूंना गुंडाळून हातानं फिरवा. रबरानं पकड चांगली येते. सुटला की रबर लगेच काढा, पॉलिशवर राहू देऊ नका.

तपासणी : जोडलेला क्यू खिडकीसमोर धरून जॉइंट डोळ्याजवळ आणा आणि हळूहळू फिरवा. कुठेही उजेडाची रेघ दिसायला नको. एकाच बाजूला दिसली तर तोंडावर अजून घाण आहे किंवा तिथे पोचा आहे. टप्पा २ पुन्हा करा.

## टप्पा ४ : क्यू खरंच वाकडा आहे का?

टेबलावर अख्खा क्यू लोळवायचा, तो उड्या मारतो असं दिसलं की वाकडा ठरवायचा, ही सगळीकडची रीत. ती अपुरी आहे. क्यू एका टोकाला बारीक, दुसऱ्याला जाड. कापडाखाली एक खडा आला तरी तो उडतो. आणि जोडलेला क्यू लोळवून दोष शाफ्टचा, बटाचा की जॉइंटचा हे कळत नाही.

तिन्ही वेगळं बघा. दुकानाच्या काउंटरची जाड काच यासाठी उत्तम. स्वयंपाकघरातला कडप्पा सपाट वाटतो, पण बहुतेक वेळा नसतो. काच पुसून घ्या. फक्त शाफ्ट ठेवा आणि पलीकडून उजेड येऊ द्या. डोळा काचेच्या पातळीला आणून शाफ्ट अगदी हळू फिरवा. शाफ्टखाली उजेडाची एक पट्टी दिसेल. शाफ्टला उतार असल्यामुळे पट्टी दिसणं हा दोष नव्हे. फिरवताना ती पट्टी उघडझाप करते का, ते बघायचं. स्थिर राहिली तर शाफ्ट सरळ. मग फक्त बट तसाच बघा.

दोन्ही तुकडे सरळ आणि जोडल्यावर हेलकावा, म्हणजे दोष जॉइंटमध्ये आहे. शाफ्टला हात लावायचा नाही.

शाफ्टच वाकला असेल तर किती, ते बघा. पोस्टकार्ड सरकेल इतपत फट उघडझाप करत असेल तर खेळायला काहीही अडत नाही. खुशाल खेळा. त्याहून जास्त असेल तर क्यू दोन-तीन आठवडे आतल्या खोलीत, खिडकी आणि कूलरपासून लांब, उभा ठेवून पुन्हा तपासा. ओलावा एका बाजूनं गेल्यामुळे आलेला वाक कधी कधी बराचसा परत येतो. कधी येत नाही, मग शाफ्ट बदलावा लागतो. गॅसवर शेकणं, कुकरच्या वाफेवर धरणं, दोन विटांवर आडवा ठेवून मध्ये वजन टांगणं, हे सगळे उपाय मी आमच्याच गावात पाहिलेत. त्यांतला एकही क्यू सरळ राहिला नाही. वाफेनं फेरूल (टिपखालची छोटी नळी) आणि टिप सुटली ती वेगळी.

## टप्पा ५ : शाफ्टचा मळ काढा, लाकूड नाही

शाफ्ट हाताला चिकटतो म्हणून लोक सँडपेपर घेतात. चिकटपणा असतो घामाचा, चॉकचा आणि टाल्कम पावडरचा. हॉलमध्ये डबा ठेवलेला असतो म्हणून हातभर पावडर लावतात, ती घामात मिसळून लाकडाच्या छिद्रांत बसते आणि अर्ध्या तासात आणखी चिकटतं. मी आमच्या हॉलमधला डबा काढला आणि तीन बोटांचे हातमोजे ठेवले. टेबलाचं कापडही तेव्हापासून स्वच्छ राहतं.

मळ काढायचा तो या क्रमानं. एका पायरीनं काम झालं तर पुढची करू नका.

(१) कोरडं फडकं, जॉइंटकडून टिपकडे, दाबून. हे रोज, खेळ संपल्यावर.

(२) फडक्याचं टोक पाण्यानं ओलं करून कडकडीत पिळा, हाताला फक्त गार लागेल इतपत. दोन वेळा पुसा आणि त्याच क्षणी दुसऱ्या कोरड्या फडक्यानं घासून वाळवा. पाणी लाकडावर अर्धा मिनिटही राहू द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा पुरे.

(३) तरीही चिकट असेल तर फडक्यावर आयपीएचे चार-पाच थेंब. पॉलिश असलेल्या भागाला आणि बटाला ते लागू देऊ नका. पंखा चालू, जवळ विडी-सिगारेट किंवा उदबत्ती नाही.

(४) शेवटचा उपाय मेलामाइनचा पांढरा स्पंज, किंचित ओला. तोही बारीक सँडपेपरसारखंच काम करतो, म्हणून वर्षातून एक-दोनदा आणि हलक्या हातानं.

एवढं करून टिपजवळच्या वीतभर भागात निळसर छटा उरेल. ती राहू द्या. रंग लाकडात मुरला आहे, त्यानं खेळात काहीच फरक पडत नाही. पांढरंशुभ्र करायच्या नादात शाफ्ट बारीक होतात. एका पोराचा शाफ्ट मी शेजारच्या लेथवाल्याच्या व्हर्नियरवर मोजला होता. नवा असताना टिपपाशी जवळजवळ १३ मिलिमीटर होता, वर्षभराच्या घासण्यानंतर १२.२ भरला, आणि फेरूल लाकडाच्या वर कंगोऱ्यासारखं उभं राहिलं होतं. तो रोज ते बोटानं चाचपत होता, आणि रोज थोडं आणखी घासत होता.

## टप्पा ६ : पोचे

टेबलाच्या काठावर आपटून पडलेला छोटा पोचा घरी निघतो. तिथे लाकूड तुटलेलं नसतं, दबलेलं असतं.

टिश्यूचा नखाएवढा तुकडा पाण्यात भिजवून फक्त त्या पोच्यावर ठेवा. आजूबाजूला नको. पंधरा-वीस मिनिटांनी काढा. तंतू फुगून वर आलेले दिसतील, क्वचित थोडे जास्तच. आता काहीही न करता पूर्ण वाळू द्या, उन्हाळ्यात दोन-तीन तास आणि पावसाळ्यात रात्रभर. वाळल्यावर काचेच्या गुळगुळीत बाटलीच्या अंगानं ती जागा लांबीच्या दिशेनं दाबत घासा. ओलं असताना घासलं तर तंतू उपटतात.

पोच्यात रेघ काळी दिसत असेल किंवा नख अडकत असेल तर ती भेग आहे. पाणी लावू नका.

## टप्पा ७ : शेक आणि लेप

साफ केलेलं उघडं लाकूड तसंच सोडलं तर पुढच्या दमट रात्रीच ओलावा पिईल. पूलच्या मेपल लाकडाच्या शाफ्टला आणि स्नूकरच्या ॲश लाकडाच्या क्यूला वेगळी वागणूक हवी. ॲश ओळखायला सोपं, त्यावर गडद रेषांचे बाणासारखे आकार दिसतात आणि नखाला बारीक खाचा जाणवतात. मेपल फिकट आणि गुळगुळीत.

मेपल : चामड्याचा तुकडा शाफ्टभोवती मुठीत धरून भराभर वर-खाली घासा. हाताला ऊब लागली पाहिजे, चटका नाही. फेरूलच्या दोन बोटं आधी थांबा, उष्णतेनं त्याची चिकटवण ढिली पडते. मग मेण फडक्यावर अगदी पुसट घेऊन लावा, पाच मिनिटं थांबा, कोरड्या फडक्यानं पूर्ण घासून काढा. बोटाला मेण जाणवत असेल तर ते जास्त झालं. बुटाचं पॉलिश किंवा गाडीचं पॉलिश चालत नाही. पहिल्यात रंग असतो, दुसऱ्यात बहुधा सिलिकॉन नाहीतर घासायची पूड.

ॲश : पॉलिश नसलेल्या ॲश क्यूला जवसाचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, आणि ते आपल्याला शोधत फिरावं लागत नाही. तेलघाणीवरचं शुद्ध, न उकळलेलं तेल घ्या. खोबरेल, सोयाबीन, शेंगदाणा नको. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं. खोबरेल वाळतच नाही आणि सोयाबीन, शेंगदाणा लाकडावर चिकट राहतात. फडक्यावर पाच-सहा थेंब, संपूर्ण लांबीवर पुसट हात, दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्या फडक्यानं एकूण एक थेंब पुसून काढा. मग क्यू तीन-चार दिवस हवेशीर जागी उभा ठेवा. चिकट लागत असेल तर आणखी थांबा. जॉइंटच्या तोंडाला, आट्यांना आणि फेरूलला तेल लागता कामा नये. पावसाळ्यात हे काम काढूच नका, आठवडा-आठवडा वाळत नाही.

आगीचा धोका : जवसाचं तेल वाळताना स्वतःची उष्णता सोडतं. तेलकट फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकं काडी न लावता पेटू शकतं. आपल्या उन्हाळ्यात, टिनाच्या शेडखाली, शेजारी कापूस साठवलेला असताना हे किती महाग पडेल ते तुम्हीच बघा. फडकं बाहेर तारेवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा आणि मगच फेका.

लेपाचे दिवस वर्षात दोन : मेअखेर पाऊस लागण्याआधी आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की. ॲशचं तेल मात्र दसऱ्यानंतरच, वर्षातून एकदा. दसऱ्याला आमच्याकडे क्यूंची पूजा होते. ओल्या हळद-कुंकवाचा डाग उघड्या लाकडातून निघत नाही, म्हणून आम्ही बोट बटाच्या खालच्या रबराला लावतो.

## टप्पा ८ : ठेवायचं कुठे

खेळ संपला की क्यू सोडायचा, पुसायचा आणि दोन्ही तोंडांना टोप्या लावायच्या. टोप्या हरवल्या असतील तर नाडीच्या छोट्या सुती थैल्या शिवून घ्या. पिनवर कापड असलं की तिचे आटे आणि शाफ्टची पॉलिश दोन्ही वाचतात.

क्यू उभा ठेवा, वर आणि खाली दोन्हीकडे आधार देऊन. नाहीतर पूर्ण आडवा, संपूर्ण लांबी टेकलेली. भिंतीला तिरका टेकवलेला क्यू स्वतःच्या वजनानं मधोमध बाक धरतो.

आपल्याकडचा सर्वात मोठा शत्रू डेझर्ट कूलर आहे, आणि हे मी कितीही सांगितलं तरी लोकांना पटत नाही. कोरडी हवा लाकूड हळूहळू सहन करतं, दमट हवाही हळूहळू सहन करतं. कूलर चालू असताना त्याच्या झोतात ओली हवा, लाइट गेली की तासाभरात भट्टी, पुन्हा ओली हवा. दिवसातून चार वेळा. क्यूची एक बाजू झोताकडे आणि दुसरी भिंतीकडे असली की वाक येणारच. माझा पहिला रॅक कूलरच्या समोरच्या भिंतीवर होता, जागा तीच मोकळी होती म्हणून. दोन उन्हाळ्यांत पाच क्यू गेले. रॅक आतल्या भिंतीवर हलवल्यापासून एकही गेला नाही.

टिनाच्या छताखालचा माळा, पश्चिमेची भिंत, बाहेरच्या भिंतीला चिकटलेली आलमारी, या जागा टाळा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पंधरा दिवसांनी बदला. दिवाळीनंतर आठवणीनं काढून टाका. उन्हाळ्यात त्या आधीच कोरड्या लाकडाला आणखी कोरडं करतात.

प्रवासाचं थोडक्यात. उन्हात उभ्या बंद गाडीत ६० अंशांच्या वर जातं, तिथे क्यू पाच मिनिटंही ठेवू नका. एसटीत ड्रायव्हरशेजारच्या इंजिनच्या बॉनेटवर नको आणि वरच्या फळीवर पोत्यांखाली नको, दोन गुडघ्यांमध्ये उभा धरा. मऊ पिशवीपेक्षा कडक पेटी बरी, आणि ती घरी होते. शेतातल्या सिंचनाच्या ७५ मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा ८० सेंटिमीटर तुकडा, दोन टोकांना टोप्या, आत जुन्या वाकळीचं अस्तर. मध्ये कापडाचा पडदा शिवा, म्हणजे शाफ्ट आणि बट एकमेकांवर आपटत नाहीत. पाऊण जॉइंटच्या स्नूकर क्यूला ११० सेंटिमीटर लागेल.

## टप्पा ९ : आवाज येत असेल तर

मारताना ‘झर्र’ असा आवाज किंवा हाताला झिणझिणी आली की सगळे जॉइंट आवळतात. आधी कुठून येतो ते शोधा. टिपचा काठ उचलला आहे का, नखानं बघा. फेरूल बोटांत धरून फिरवून बघा. बटाच्या तळाचं रबर आणि आतला वजनाचा बोल्ट ढिला आहे का, बघा. चांगल्या शॉटला दाद द्यायला बट जमिनीवर आपटायची सवय असेल तर बहुधा तोच निघेल. मग तुकडे सोडून एकेकाला दोन बोटांत सैल धरा आणि मुठीनं हलकेच ठोका. ज्या तुकड्यात झिणझिणी येईल, दोष त्यात.

पिनची परीक्षा वेगळी. बारीक पेन्सिलीनं पिनच्या बुडाला आणि कॉलरच्या तोंडाला जोडणारी एक रेघ ओढा. क्यू चार-पाच वेळा जोडा, सोडा. रेघ तुटून दोन तुकडे बाजूला सरकले असतील तर पिन बटात फिरते आहे.

इथे थांबा. झटपट चिकटणारा गोंद ओतू नका आणि वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. पिन केसभर तिरकी चिकटली तर क्यू कायमचा तिरका होतो, आणि आधी भरलेला गोंद काढायला दुरुस्तीवाल्याला लाकूड कोरावं लागतं. पिन लेथवर सरळ रेषेत पुन्हा बसवायची असते, तीही क्यूचं काम करणाऱ्याच्या लेथवर. कॉलरच्या भेगेचंही तसंच. बोट ओलं करून कॉलरवरून फिरवा, भेग असेल तर ओली रेघ काही क्षण जास्त टिकते. दिसली तर त्या दिवसापासून त्यावर खेळू नका, जोडूही नका.

दुरुस्तीला पाठवताना शाफ्ट आणि बट दोन्ही पाठवा. नुसता बट पाठवला तर पिन सरळ बसली की नाही हे तपासायला समोरच्याकडे काही नसतं. तोंडांना टोप्या, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला, आणि पाइपमध्ये खुळखुळ आवाज येणार नाही इतकं कापड भरलेलं. सोबत चिठ्ठीत दोष कोणत्या तुकड्यात आहे, आवाज कधी येतो, आणि आपण घरी काय-काय लावलं ते लिहा. मेण, तेल, गोंद, जे असेल ते खरं लिहा. काय काढायचं आहे हे कळलं की त्याचं अर्धं काम हलकं होतं.